चंद्रेच्या खोऱ्यांतील दगडांचें वय

पंढरपुरास भीमेला चंद्रभागा म्हणतात हें महाराष्ट्रांत मुलांनाही ठाऊक असतें. त्याच नांवाची दुसरी एक नदी हिमालयांत आहे. लाहौल प्रांतांत बारालाचा नांवाच्या घाटाच्या दोन अंगांनीं चंद्रा व भागा अशा दोन नद्या निघतात. तांडी गांवाजवळ त्या एकमेकींस मिळतात, तेथून पुढें त्या चंद्रभागा होतात, आणि आणखी पुढें गेल्यावर लोक तिला चिनाब म्हणतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील नदीसूक्तांत जी असिक्नी येते ती हीच. असिक्नी म्हणजे काळी. मीं पाहिली तेव्हां ती काळी नव्हती. दगडाचें पीठ कालवावें तशी राखाडी होती. आणि ह्या पिठाचाच प्रस्तुत लेखाच्या विषयाशीं संबंध आहे.

मनालीहून लाहौलांत जाण्यास पूर्वीं ३,९७८ मीटर उंचीचा रोहतांग घाट ओलांडावा लागे, व हिवाळ्यांत तो बर्फानें बंद असे. ३ ऑक्टोबर २०२० रोजीं त्या डोंगराच्या पोटांतून ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला. साठी उलटलेल्या माणसांच्या छातीवर व गुडघ्यांवर ह्या बोगद्यानें मोठेच उपकार केले आहेत. मात्र घाटमाथ्यावर उभें राहून एका बाजूस कुलूची देवदारांनीं भरलेली दरी व दुसऱ्या बाजूस लाहौलचे उघडे बोडके कडे, असे दोन देश एकाच नजरेंत पाहण्याचें सुख त्यानें हिरावून घेतलें. आतां थोडा वेळ दिव्यांच्या उजेडांत मोटार धांवते आणि एकदम दुसरें जग डोळ्यांपुढें येतें. झाडें विरळ, आकाश गडद निळें, आणि खालीं चंद्रा.

सह्याद्रींतील दऱ्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस नदीनें कोरलेल्या दरीचा आकार परिचित असतो : वर रुंद, खालीं चिंचोळी, तळाशीं पाण्याची एक रेघ. चंद्रेचें खोरें तसें नाहीं. त्याचा तळ ऐसपैस आणि दोन्ही बाजूंचे कडे सरळ उभे. एखादी अजस्र दगडी पन्हळ जमिनींत पुरून ठेवावी तसें तें दिसतें. एवढी पन्हळ कोरण्याची ऐपत आजच्या चंद्रेच्या अंगीं नाहीं. ती करणी हिमनदीची. हिमनदी म्हणजे थरावर थर साचून आपल्याच भारानें घट्ट झालेल्या व उतारावरून अतिमंद गतीनें सरकणाऱ्या बर्फाचा ओघ. तिच्या तळाशीं रुतलेले दगड खालच्या खडकावर घासले जातात, आणि सहाणेवर चंदन उगाळावें तसें त्या घासण्यानें पीठ निघतें. तेंच पीठ आजही वरच्या हिमनद्यांतून चंद्रेंत उतरतें आणि तिला तो राखाडी रंग देतें. कोठें कोठें उगाळलेल्या खडकाची झिलई अजून टिकून आहे. हात फिरविला तर जुन्या देवळाच्या उंबऱ्याची आठवण होते, आणि नीट पाहिलें तर एकाच दिशेनें गेलेले बारीक ओरखडे दिसतात.

कोकसर व ग्राम्फू मागें टाकून आपण छत्रूकडे वळलों कीं रस्ता म्हणण्यासारखा रस्ता संपतो. घरें नाहींत, शेतें नाहींत. आहेत ते दगड. कोंबडीएवढे, बैलाएवढे, आणि कांहीं तर दुमजली वाड्याएवढे. सगळेच हिमनदीनें आणलेले नव्हेत. पुष्कळ कड्यांवरून कोसळले आहेत. पण बातलच्या बाजूस डोंगराच्या कुशीला लागून दगडमातीचे लांबच लांब बांध दिसतात, आणि त्यांच्या माथ्यावर मोठमोठ्या शिला बसलेल्या असतात, तें काम हिमनदीचेंच. हिमनदी आपल्या दोन्ही कांठांस व तोंडाशीं असा ढिगारा रचते आणि वितळून मागें हटली म्हणजे तो तेथेंच टाकून जाते. भूगोलाच्या पुस्तकांत त्यास हिमोढ म्हणतात.

अशा एका शिलेपाशीं आम्ही थांबलों असतां आमच्या मोटारीचा चालक, लाहौलचाच एक तरुण, म्हणाला कीं हा दगड भीमानें टाकलेला आहे. मीं विचारलें, कधीं टाकला? तो हंसून म्हणाला, "मास्टरजी, तें कोण लिहून ठेवणार?" प्रश्न बिनतोड होता. माझ्याही मनांत वर्गांत शिकवितांना तो अनेकदां आला होता. हिमयुग अमुक हजार वर्षांपूर्वीं संपलें असें पुस्तक सांगे व आम्ही मुलांकडून तें पाठ करून घेत असूं. पण दगडाचें वय मोजलें कोणीं आणि कशानें? खडक बनला कधीं हें सांगण्याच्या रीती निराळ्या आहेत. येथें प्रश्न तो नाहीं. खडक कोट्यवधि वर्षांचा असेल. तो ह्या जागीं उघड्या आभाळाखालीं केव्हांपासून पडला आहे, एवढेंच येथें पाहिजे आहे. ह्याचें उत्तर देणारी रीत गेल्या चाळीसएक वर्षांतच हातीं आली, आणि ती इतकी मनोहर आहे कीं ती समजून घेतल्यावांचून त्या खोऱ्यांतून जाणें म्हणजे शिलालेख न वाचतां लेणें पाहून परत येणें होय.

सन १९१२ मध्यें व्हिक्टर हेस नांवाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें विमानबलूनांत बसून पांच किलोमीटरांहून अधिक उंची गांठली व बरोबर नेलेल्या यंत्रांवरून दाखविलें कीं वर जावें तसा एक अदृश्य किरणांचा मारा वाढत जातो. हे किरण पृथ्वीचे नव्हेत. ते अंतराळांतून येतात. ह्यांस विश्वकिरण असें म्हणतात, आणि ह्या शोधाबद्दल हेसला १९३६ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. विश्वकिरण वातावरणावर आदळले कीं त्यांतून न्यूट्रॉन नांवाच्या कणांची सर खालीं कोसळते. तिचा बराच भाग हवेंतच जिरतो. उरलेला जमिनीपर्यंत पोंचतो आणि दगडांत शिरतो. दगडांत गारगोटी असली, म्हणजे सिलिकॉन व प्राणवायु ह्यांचें जें स्फटिकरूप तें असलें, तर त्यांतील प्राणवायूच्या एखाद्या अणूचा गाभा ह्या माऱ्यानें फुटतो आणि त्याचा बेरिलियम-१० होतो. वाळूचें मूलद्रव्य जें सिलिकॉन, त्याचा गाभा फुटला तर ॲल्युमिनियम-२६ होतो. हे दोन्ही पदार्थ किरणोत्सर्गी आहेत. म्हणजे कालांतरानें ते आपोआप नष्ट होतात. त्यामुळें खोल, झांकलेल्या जुन्या खडकांत ते जवळजवळ सांपडत नाहींत. सांपडले तर ते आभाळाखालीं तयार झाले असें समजावें.

पूर्वीं दुधाचा रतीब घालणारी गवळण दारामागच्या भिंतीवर रोज चुन्याचें एक बोट उमटवी आणि महिनाअखेर तीं बोटें मोजून हिशेब होई. विश्वकिरण दगडावर असेंच बोट उमटवीत असतात. आतां हिमनदीचा वांटा पाहा. किरणांची ही सर दगडांत फार खोल जात नाहीं. सुमारें साठ सेंटिमीटरांवर तिचा जोर एकतृतीयांशाच्या आसपास येतो, दोनतीन मीटर खालीं ती नांवालाच उरते. हिमनदी वरून जातांना खडकाचे वरचे दोनतीन मीटर उगाळून टाकते; म्हणजे सणावारीं भिंतीला नवा पोतेरा फिरवावा तसें होऊन जुनीं सगळीं बोटें पुसलीं जातात. वर बर्फाचा जाड थर असेपर्यंत नवीं बोटें उमटत नाहींत. बर्फ हटलें कीं पहिल्या दिवसापासून नवा हिशेब सुरू. म्हणून आज त्या दगडांतील बोटें मोजलीं तर बर्फ कधीं गेलें तें कळतें.

मोजणें मात्र सोपें नव्हे. समुद्रसपाटीस, ध्रुवांकडील प्रदेशांत, एक ग्रॅम गारगोटींत वर्षाकांठीं बेरिलियम-१० चे केवळ चारएक अणु तयार होतात. पंधरा हजार वर्षांत झाले साठ हजार. आणि त्याच एका ग्रॅमांत एकंदर अणु असतात एकावर बावीस शून्यें दिल्यावर जो आंकडा होईल त्याच्या सुमारें तिप्पट. पंढरीच्या वाळवंटांतून ठराविक चार कण वेंचून काढणें ह्यापुढें कांहींच नाहीं. रेमंड डेव्हिस व ऑलिव्हर शेफर ह्यांनीं १९५५ मध्येंच क्लोरीन-३६ ह्या भावंडावरून खडकाचा उघडेपणा मोजण्याची कल्पना मांडली होती. परंतु इतके विरळ अणु एकेक करून मोजणारें साधन १९८० च्या सुमारास हातीं आलें. दगडाच्या पृष्ठभागाचा तुकडा छिनीनें काढतात, कुटतात, निरनिराळ्या अम्लांत धुऊन निव्वळ गारगोटी उरवितात, ती विरघळवून त्यांतील बेरिलियम वेगळें करतात, आणि मग प्रचंड विद्युद्दाबाच्या त्वरक यंत्रांतून तें सोडून हलके व जड अणु वेगळे मोजतात. एका दगडाच्या वयासाठीं कित्येक आठवडे खपावें लागतें.

ह्या शास्त्राच्या पायाभरणींत एका भारतीयाचा मोठा हात आहे, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत यावयास हवी होती. देवेंद्र लाल हे १९२९ मध्यें काशीस जन्मले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत त्यांनीं बर्नार्ड पीटर्स ह्यांच्यासह विश्वकिरणांपासून पृथ्वीवर निपजणाऱ्या किरणोत्सर्गी द्रव्यांचा अभ्यास केला, आणि पुढें ते अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले. कोणत्या अक्षांशावर, किती उंचीवर, वर्षाला किती अणु निपजतात ह्याचें गणित त्यांनीं १९९१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत बसवून दिलें. पुढें त्यांत सुधारणा झाल्या, पण जगांतील कोणत्याही पर्वतावरच्या दगडाचें वय काढणारा मनुष्य त्या निबंधाचें ऋण मान्य करतो. लाल २०१२ मध्यें वारले.

उंचीचा प्रश्न लाहौलांत विशेषच महत्त्वाचा. हवेचा थर जितका पातळ तितकी सर जोराची. म्हणून चार हजार मीटर उंचीवर समुद्रकांठच्या कित्येक पट वेगानें बोटें उमटतात. आपल्याकडे लग्नांत घटिकापात्र ठेवीत. पाण्यांत सोडलेल्या त्या वाटीच्या तळाला छिद्र किती मोठें हें ठाऊक असेल तरच ती बुडण्यास लागलेल्या काळाला घटका म्हणतां येईल. छिद्राचें माप चुकलें कीं मुहूर्त चुकला. दगडांच्या घड्याळाचेंही असेंच आहे. १९८९ मध्यें अमेरिकेंतील सिएरा नेवाडा पर्वतावरच्या झिलईदार खडकांवरून हें छिद्र पहिल्यानें मापलें गेलें. तेथील बर्फ अकरा हजार वर्षांपूर्वीं गेलें असें गृहीत धरून. पुढें लक्षांत आलें कीं तें बर्फ त्याहून आधीं गेलें होतें. म्हणजे तितकेच अणु निपजण्यास अधिक वर्षें लागलीं होतीं, वर्षाचें माप धरलें त्याहून कमी होतें, आणि त्या मापानें काढलेलीं जगभरचीं वयें थोडथोडीं मागें सरकवावीं लागलीं.

लाहौलच्या दगडांचा इतिहास ह्या पार्श्वभूमीवर वाचावा. लुईस ओवेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००१ मध्यें चंद्रेच्या खोऱ्यांतील हिमोढांचीं व खडकांचीं वयें प्रसिद्ध केलीं. सर्वांत जुन्या हिमप्रसाराच्या खुणा ४,३०० मीटरांच्या वरच्या बाकांसारख्या सपाट्यांवर आहेत; त्यास चंद्रा-काल म्हणतात. त्यानंतरचा बातल-काल. ह्या बातल-काळचें बर्फ साडेपंधरा ते बारा हजार वर्षांपूर्वींच्या दरम्यान हटलें, आणि पुढें दहा-अकरा हजार वर्षांपूर्वीं बाजूच्या खोऱ्यांतून हिमनद्या थोड्याशा पुढें सरसावल्या, असें त्यांचें मत पडलें. पंधरा वर्षांनीं, २०१६ मध्यें, ऑयगस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याच खोऱ्यांतील झिलईदार खडक मोजले, जुनीं मोजमापें सुधारलेल्या मापानें पुन्हा मांडलीं, आणि चित्र बदललें. एक हजार मीटरांहून जाड अशी हिमनदी ह्या खोऱ्यांत होती. शेवटच्या हिमयुगाचा कडाका ओसरूं लागल्यावर कांहीं थोड्या हजार वर्षांत ती दीडशें किलोमीटरांहून अधिक मागें हटली. आणि हें हटणें, युरोपांत सुमारें १४,७०० वर्षांपूर्वीं जो ऊबदार काळ सुरू झाला, त्याच्या आधींच बहुतेक आटोपलें होतें.

हे आंकडे नुसते वाचून डोळ्यांपुढें कांहीं उभें राहत नाहीं. पुण्याच्या सपाटीपासून सिंहगड सुमारें साडेसातशें मीटर उंच आहे. तो संपूर्ण गडप होऊन वर आणखी अडीचशें मीटर बर्फ, अशी ती जाडी. आणि लांबी? मुंबईहून पुण्यास येण्याचें जें अंतर तेवढें बर्फ त्या अवधींत नाहींसें झालें. बातलच्या चहाच्या टपरीसमोर उभा राहून मीं वर पाहिलें. डोक्यावरून एक किलोमीटर उंचीपर्यंत जें निळें आकाश दिसत होतें तें सगळें एके काळीं बर्फ होतें, हा विचार मनांत आल्यावर हातांतला पेला निवून गेला तरी कळलें नाहीं.

ही रीत निर्दोष आहे असें कोणीं समजूं नये. हिमोढावरची शिला मध्येंच कलंडली असेल तर तिचें उघडें अंग नवें निघतें व वय कमी भरतें. हिमनदीनें तिला पुरेसें घासलें नसेल तर जुनीं बोटें शिल्लक राहतात व वय फाजील वाढतें. दर हिवाळ्याचें बर्फ वर साचतें तें कांहीं किरण अडवितें. म्हणून एकाच बांधावरच्या अनेक शिला मोजतात व त्यांची एकवाक्यता होते कीं नाहीं तें पाहतात, आणि प्रत्येक वयापुढें अधिक-उणें इतकीं शतकें असें लिहितात. मला हें अधिक-उणें फार आवडतें. आमच्या पंचांगांत कलियुगाचा आरंभ इ. स. पू. ३१०२ असा नेमका दिलेला असतो. त्याच्या गणिताविषयीं मला आदर आहे, पण त्यापुढें अधिक-उणें कोणीं लिहिलेलें मीं पाहिलें नाहीं. तो शक खरा धरला तरीही त्या आधीं नऊदहा हजार वर्षें हें खोरें रिकामें झालें होतें. म्हणजे भीम ह्या वाटेनें गेला असल्यास ती शिला त्याला आयतीच पडलेली दिसली असणार. चालकाला मीं हें सांगितलें, तेव्हां तो म्हणाला, "मग त्यानें उचलून दुसरीकडे ठेवली असेल." कलंडलेल्या शिलांची अडचण शास्त्रज्ञांस पडते ती हीच!

बर्फ गेलें तें सगळें मात्र गेलेलें नाहीं. छत्रू व बातल ह्यांच्या दरम्यान नदीच्या पलीकडे छोटा शिग्री व बडा शिग्री ह्या हिमनद्या आहेत. छोटा शिग्रीचा जमाखर्च २००२ पासून दरसाल मांडला जातो : हिवाळ्यांत किती बर्फ जमलें, उन्हाळ्यांत किती गेलें. बहुतेक वर्षीं तोटाच पडला आहे, आणि सरासरी काढली तर दरवर्षीं तिच्या सर्व पृष्ठभागावरून सुमारें अर्धा मीटर उंचीचें पाणी निघून गेल्यासारखें होतें. खालीं सिस्सू, तांडी, केलांग ह्या भागांत बटाटा व वाटाणा पिकतो तो पावसावर नव्हे. पाऊस तेथें फारसा नाहींच. तो बर्फाच्या पाण्यावर, डोंगरउतारांवरून आणलेल्या पाटांवर पिकतो. चंद्रेच्या खोऱ्याचें बर्फ पूर्वींही हटलें होतें, मग आतां काळजी कशाची, असें म्हणणारे भेटतात. पूर्वीं तें हटलें तेव्हां खालीं पाट काढून बसलेलें कोणी नव्हतें, एवढाच फरक आहे.

आतां ह्याच रीतीची उलट बाजू सांगतों, कारण लाहौलच्या दगडांपेक्षांही तिनें मला अधिक अस्वस्थ केलें. जो खडक आज बर्फाखालीं गाडलेला आहे त्यांत बोटें सांपडलीं तर? ग्रीनलंड बेटाच्या मध्यभागीं अमेरिकन शास्त्रज्ञांनीं बर्फांत छिद्र पाडावयास घेतलें आणि १९९३ मध्यें ३,०५३ मीटर खालीं तें तळाच्या खडकास टेकलें. तेथून त्यांनीं दीड मीटर लांबीचा दगडाचा दांडा काढून आणला. पंचवीसएक वर्षें होत आलीं तेव्हां, २०१६ मध्यें, यॉर्ग शेफर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्यांत बेरिलियम-१० व ॲल्युमिनियम-२६ दोन्ही सांपडल्याचें प्रसिद्ध केलें. तीन किलोमीटर बर्फांतून एकही न्यूट्रॉन खालीं जाऊं शकत नाहीं. अर्थात् तो खडक केव्हां तरी उघड्या आभाळाखालीं होता. ग्रीनलंडचें बर्फ केव्हां तरी जवळजवळ नाहींसें झालें होतें.

केव्हां, हें दोन पदार्थांच्या तुलनेवरून काढतात. उघड्यावर असतांना गारगोटींत ॲल्युमिनियम-२६ हें बेरिलियम-१० च्या पावणेसात पटींच्या आसपास निपजतें. झांकलें गेल्यावर दोन्ही झिजूं लागतात. पण ॲल्युमिनियम सात लाख वर्षांत निम्में होतें, बेरिलियमला त्यासाठीं जवळजवळ चौदा लाख वर्षें लागतात. एकाच वेळीं पेटविलेल्या दोन समयांपैकीं एकींतलें तेल लवकर सरावें, आणि उरलेल्या तेलांवरून किती रात्र गेली तें ओळखावें, तसा हा हिशेब आहे. त्यावरून निघालें तें असें कीं गेल्या चौदा लाख वर्षांत मिळून निदान दोन लाख ऐंशी हजार वर्षें तें ठिकाण बर्फावांचून होतें. आणि सध्यांचें आच्छादन सलग धरलें तरी अकरा लाख वर्षांहून जुनें असूं शकत नाहीं. गंमत अशी कीं त्याच अंकांत दुसऱ्या एका मंडळीचा निबंध आला. त्यांनीं ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यासमोरील समुद्रतळाची वाळू मोजून म्हटलें कीं त्या बाजूस पंचाहत्तर लाख वर्षें बर्फ कोणत्या ना कोणत्या रूपांत टिकून आहे. दोन्ही खरीं असूं शकतात : पूर्वेच्या उंच डोंगरांवर बर्फ राहिलें असेल व मधलें वितळलें असेल. वाद अजून मिटलेला नाहीं, आणि तो चारचौघांत मांडला जातो हें शास्त्राला भूषणावह आहे.

ग्रीनलंडचें सारें बर्फ वितळल्यास जगांतील समुद्र सुमारें सात मीटर चढेल. रत्नागिरी-मालवणाकडे ज्यांचीं घरें खाडीच्या कांठीं आहेत, किंवा मुंबईंत ज्यांनीं भर घातलेल्या जमिनीवर बिऱ्हाड मांडलें आहे, त्यांस सात मीटर म्हणजे काय हें मीं सांगावयास नको. हें उद्यां होणार नाहीं. इतकें बर्फ जाण्यास शतकें नव्हे, हजारों वर्षें लागतील असें धरण्यास जागा आहे. परंतु तें बर्फ तेथें कायमचें आहे, त्यास कांहीं होत नाहीं, असें जें मीं स्वतः शाळेंत ऐकत आलों, त्या समजुतीला तळाच्या दीड मीटर दगडानें पुरावा दिला नाहीं.

पूर्वीं हिमालयाचे दगड मोजण्यासाठीं परदेशीं पाठवावे लागत. आतां नवी दिल्लीच्या आंतर-विश्वविद्यालय त्वरक केंद्रांत बेरिलियम-१० व ॲल्युमिनियम-२६ मोजण्याची सोय झाली आहे, आणि तरुण संशोधक तेथें काम करीत आहेत.

ज्यांस हें खोरें पाहावयाचें असेल त्यांनीं जूनअखेर ते सप्टेंबर हा काळ निवडावा. ग्राम्फूच्या पुढचा रस्ता एरवीं बर्फानें बंद असतो. पहिली रात्र सिस्सू किंवा केलांग येथें काढून मगच वर जावें, कारण एकदम चार हजार मीटर उंची गांठल्यास डोकें दुखतें, जीव घाबरतो, आणि वयस्कांनीं ह्या बाबतींत हट्ट करूं नये. बातलहून चंद्रतालाकडे जातांना ओहोळांचें पाणी दुपारीं वाढतें. सकाळीं लवकर निघालेलें बरें. तळ्याच्या कांठीं मुक्काम करूं देत नाहींत, तंबू अलीकडेच असतात. बरोबर लोकरी कपडे, सुंठ-खडीसाखर व औषधें असावीं. आणि वाटेंत झिलईदार खडक दिसला तर उन्हें कलल्यावर, तिरप्या प्रकाशांत पाहावा. ओरखडे तेव्हांच स्पष्ट उमटतात, आणि ते सारे खोऱ्याच्या उताराच्या दिशेनें गेलेले असतात.